व्यसनमुक्ती केंद्रात व्हीआर हेडसेट: देशीच्या दुकानाचं दृश्य कसं बनवायचं, सत्र कसं चालवायचं?

पांदणरस्ता (प्रश्न)

यवतमाळ जिल्ह्यात तालुक्याच्या ठिकाणी १५ खाटांचं व्यसनमुक्ती केंद्र आहे. एका कंपनीच्या सामाजिक निधीतून २ व्हीआर (व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटी, म्हणजे डोळ्यांवर चढवून आभासी जग दाखवणारे) हेडसेट मिळतायत. सोबत जे तयार सॉफ्टवेअर येतंय त्यात उंच स्टुलांचा बार, निळे दिवे, वाइनचे पेले आणि इंग्रजी बोलणारा वेटर आहे. आमच्याकडचे रुग्ण शेतकरी, शेतमजूर, ट्रॅक्टरवाले. पिणं देशीचं किंवा मोहाचं, आणि दिवसभर तोंडात खर्रा (घोटलेली सुपारी-तंबाखू). ते असल्या बारमध्ये जन्मात गेलेले नाहीत. तिथे बसवलं तर टीव्ही पाहिल्यासारखे पाहतील आणि हेडसेट काढून देतील.

जाणकारांना विचारायचं आहे:

आपल्याकडची दृश्यं आपणच चित्रित केली तर चालतील का, आणि कशी करायची? कोणत्या रुग्णाला हे द्यायचंच नाही? एक सत्र किती मिनिटांचं, त्यात नेमकं काय करायचं? मानसोपचारतज्ज्ञ आठवड्यातून एकदाच येतात, बाकी दिवस २ समुपदेशक आणि १ परिचारिका. लाइनीचा (विजेचा) भरवसा नाही, इंटरनेट मोबाइलचंच.

पऱ्हाटी

आधी 'कोणाला नाही' ते सांगतो, कारण घाई तिथेच होते.

दारू थांबवल्यावर ६-८ तासांत हात कापायला लागतात. झटके आले तर बहुधा पहिल्या ४८ तासांत येतात. बरळणं, भास होणं, नसलेले किडे-माणसं दिसणं हे साधारण ४८ ते ९६ तासांच्या दरम्यान सुरू होतं. ज्याला आधीच नसलेलं दिसतंय त्याच्या डोळ्यांवर आणखी एक नसलेलं जग चढवायचं नाही. म्हणून दाखल झाल्यापासून किमान २ आठवडे हेडसेट कपाटातच राहू द्या. तोवर औषधं, थायमिन (ब-१ जीवनसत्त्व), जेवण, झोप. ज्याला मिरगी आहे, दारू सोडताना कधी झटका आलेला आहे, कानात आवाज येतात, संशय घेण्याचा आजार आहे, जीव देण्याचे विचार चालू आहेत किंवा डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालंय, त्याला डॉक्टरांनी फाइलवर लिहून दिल्याशिवाय बसवू नका. तज्ज्ञ आठवड्यातून एकदाच येतात ना? मग त्या दिवशी पुढच्या आठवड्याची यादी त्यांच्याकडून सहीनिशी घ्या. बाकी दिवस समुपदेशकाने यादीत नसलेला माणूस बसवायचा नाही, मग घरचे कितीही मागे लागोत.

आता ह्यामागचं शास्त्र थोडक्यात. दुकानाची जाळी, सील तुटल्याचा आवाज, चुकाऱ्याच्या (विकलेल्या मालाच्या पैशांच्या) नोटा, सोबतचा माणूस ह्या सगळ्या खुणा वर्षानुवर्षं दारूशी बांधल्या गेल्यात. खूण दिसली की तलफ उठते. तीच खूण पुन्हा पुन्हा समोर आली आणि दारू आली नाही, तर बांधलेली गाठ सैल होते. घंटा ऐकली की लाळ गाळणाऱ्या पाव्हलॉव्हच्या कुत्र्याचंच गणित हे. खऱ्या दुकानासमोर रुग्णाला उभं करणं धोक्याचं आणि खोलीत बसून 'दुकान आठव' म्हणणं कच्चं. हेडसेट ह्या दोन्हींच्या मधली पायरी आहे, त्यापेक्षा जास्त काही नाही.

सत्र असं ठेवा. पहिल्या वेळी दारूचं काहीच दाखवू नका. निंबाखालची सावली, विहीर, गोठा असं ५ मिनिटांचं साधं दृश्य. माणसाला डोक्यावर डबा चढवायची सवय होऊ द्या आणि स्पष्ट सांगा की हे संमोहन नाही, भूल नाही, तुम्ही कधीही काढू शकता. गावाकडे ही शंका मनात असतेच, बोलून दाखवत नाहीत एवढंच.

दुसऱ्या सत्रापासून आधी ३ मिनिटं साधं दृश्य आणि तलफेचा आकडा. मग खुणेचं ४-५ मिनिटांचं दृश्य, तेच सलग ३ वेळा. हेडसेट एका बैठकीत २० मिनिटांपेक्षा जास्त डोक्यावर नको. दर २ मिनिटांनी आकडा विचारा. ० ते १० ही पट्टी पुष्कळांना परकी वाटते. आण्यांत विचारा: 'तलफ किती आण्यांची?' चार आणे, आठ आणे, बारा आणे, सोळा आणे. वयस्कर माणूस झटकन सांगतो. तरुणांना हात वर करून उंची दाखवायला सांगा. पेला किती भरला असं चित्र वापरणारे असतात. अरे, पेला हीच तर खूण आहे.

तलफ चढेल, एका जागी टिकेल, मग उतरेल. सर्वात वरच्या आकड्याच्या निम्म्यावर आली की थांबा. आठ-बारा आण्यांवर असतानाच हेडसेट काढलात तर माणूस एवढंच शिकतो की पळालं की बरं वाटतं. १५ मिनिटांत उतरलीच नाही तर साध्या दृश्यावर आणा, शांत होऊ द्या, आणि पुढच्या वेळी एक पायरी खालचं दृश्य घ्या.

दृश्य चालू असताना 'देवाचं नाव घे, लेकरांना आठव' असं मधे मधे बोलू नका. हेतू वाईट नसतो, पण त्याने लक्ष खुणेवरून हटतं आणि गाठ जशीच्या तशी राहते. सुरू करण्याआधी विचारा: 'काय होईल असं वाटतं?' तो म्हणेल, 'उठून पळीन', 'जीव जाईन'. ते लिहून ठेवा. संपल्यावर त्याच्यासमोर वाचा.

सत्र सकाळी ठेवा. नंतर किमान अर्धा तास माणूस केंद्रातच बसलेला हवा आणि तलफ चार आण्यांच्या खाली आलेली हवी. बाहेरून येणाऱ्या रुग्णाचं सत्र आठवडी बाजाराच्या दिवशी कधीच नको.

चिमणी_कंदील

चित्रीकरणाचं मी लिहितो. तयार बार फेकून द्या, स्वतः केलेलं हजार पटीने बरं. फक्त 'फोनने करू' म्हणू नका. दोन भिंगांचा ३६० अंशांचा कॅमेरा लागतो, ५.७ के किंवा ८ के चा (म्हणजे चित्राची रुंदी सुमारे ५,७०० किंवा ८,००० पिक्सेल). तो २ दिवसांसाठी भाड्याने घेतला तरी पुरतो. लग्नाचे व्हिडिओ करणाऱ्यांकडे हल्ली असतो.

कॅमेरा म्हणजे रुग्णाचं डोकं, हे धरून चाला. रुग्ण खुर्चीवर बसणार, म्हणून भिंगाची उंची जमिनीपासून ११० ते १२० सेंमी. तिपाईचे पाय खाली मोठे दिसतात, त्यापेक्षा एका दांड्याचा बारीक स्टँड घ्या आणि त्याला खाली विटा बांधा. कॅमेरा अजिबात हलवायचा नाही. 'दुकानाकडे चालत जातो' असं दृश्य सगळ्यांनाच सुचतं, पण शरीर बसलेलं आणि डोळे चालणारे असले की २ मिनिटांत मळमळ सुरू. चालत जायचंच असेल तर तीन ठिकाणी कॅमेरा ठेवून तीन वेगळी दृश्यं करा: फाटा, दुकानाबाहेरचा कट्टा, जाळीसमोर.

जे मुख्य दाखवायचं ते भिंगाच्या अगदी समोर हवं. दोन्ही भिंगांची चित्रं बाजूंना जोडली जातात आणि तिथे जवळची वस्तू तुटते. त्या रेषेवर बाटली आली तर तिची मान एकीकडे नि बूड दुसरीकडे. अंतर १ ते दीड मीटर ठेवा. ५.७ के चं चित्र पूर्ण गोलात पसरतं, एका अंशाला १६ पिक्सेल येतात. ७ सेंमी रुंद बाटली १.२ मीटरवर साधारण सव्वातीन अंशांत मावते, म्हणजे सगळी मिळून ५० च्या आसपास पिक्सेल. लेबल वाचता येणार नाही. हरकत नाही, रंग, आकार आणि झाकण पुरेसं असतं. पण कोणी बाटली ३ मीटरवर ठेवून 'रुग्णावर परिणामच होत नाही' म्हणत असेल तर दोष रुग्णाचा नाही.

खरं काम आवाज करतो, आणि तिथेच लोक आळस करतात. कॅमेऱ्याचा माइक वारा आणि पंखा पकडतो. झाकणाचं सील मोडल्याचा आवाज, ग्लासात ओतल्याचा, पन्नीतली फल्ली (भुईमुगाच्या शेंगा) फोडल्याचा, चिल्लर काउंटरवर आपटल्याचा, हे सगळं फोन २०-३० सेंमीवर धरून वेगळं रेकॉर्ड करा आणि नंतर बसवा. संवाद आपल्या बोलीतच पाहिजेत. 'चाल ना बे, चुकारा भेटला, एकच पव्वा मारू' ह्या वाक्याने जे होतं ते 'मित्रा, थोडी घेऊया' ने होणार नाही.

खऱ्या दुकानात खऱ्या गिऱ्हाइकांचं चित्रण करू नका. कोणाचा चेहरा कुठे जाईल सांगता येत नाही. रिकामं गोदाम, लोखंडी जाळी, लाकडी काउंटर, पिवळा बल्ब, एक प्लास्टिकचा टेबल, झालं दुकान. बाटलीत साधं पाणी भरा, देशी तशीही पाण्यासारखीच दिसते. काम करायला नाटकमंडळाची पोरं घ्या, लेखी संमती घ्या. बरे झालेले रुग्ण हौसेने पुढे येतात, त्यांना कॅमेऱ्यासमोर नका घेऊ. बाटली त्यांच्याही हातात नको.

फाइल: गुणोत्तर २:१, एच.२६५ (व्हिडिओ साठवायची पद्धत), सेकंदाला ६० ते १०० मेगाबिट. १०० धरलं तर ३ मिनिटांचं दृश्य सव्वादोन जीबीच्या घरात जातं, हे साठवणीचा हिशेब करताना लक्षात ठेवा. केबलने लॅपटॉपवरून हेडसेटमध्ये टाका, व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवलेली फाइल दाबली जाते आणि धूसर होते. बहुतेक प्लेअर फाइलच्या नावात शेवटी '३६०' इंग्रजी अंकांत असेल तर गोल चित्र म्हणून ओळखतात. नाही तर समोर चपटं, वाकडं-तिकडं काहीतरी दिसतं आणि लोक म्हणतात हेडसेट बिघडला.

पांदणरस्ता

दोघांचे आभार. लाइन आणि उन्हाचं काय? खोली पत्र्याची आहे, कूलर आहे.

चिमणी_कंदील

पत्र्याची खोली हेच मोठं संकट. ही यंत्रं साधारण ३५ अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेली असतात आणि आपल्याकडे मे महिन्यात ४५ पार होतं. तापलं की स्वतःहून बंद पडतं, नेमकं तलफ चढलेली असताना. उन्हाळ्यात सकाळी ७ ते ९ एवढंच धरून चाला. कूलरची ओली हवा थेट भिंगावर आली तर वाफ धरते. हेडसेट १०-१५ मिनिटं आधी त्याच खोलीत काढून ठेवा आणि कूलरचं तोंड वळवा.

भिंगावर ऊन पडू देऊ नका. खिडकीजवळ हेडसेट उलटा ठेवला आणि ऊन भिंगातून आत गेलं की पडद्यावर कायमचा डाग. भिंग म्हणजे आगकाचच ती, लहानपणी कागद जाळायचो तशी. वापर झाला की कापडी पिशवीत.

बॅटरी साधारण २ तास चालते, म्हणजे २० मिनिटांची ५-६ सत्रं. लाइन गेली तर १०,००० मिलिअँपिअर-तासांची पॉवर बँक केबलने जोडून चालवता येतं. तापलेल्या यंत्राला लगेच चार्जिंगला लावू नका. खोलीच्या भिंती कोऱ्या पांढऱ्या असतील तर हेडसेटला स्वतःची जागा कळत नाही, चित्र सरकतं. कॅलेंडर, तक्ते, काहीही लावा आणि उजेड ठेवा.

इंटरनेट फक्त सुरुवातीला लागतं: खातं उघडायला आणि अद्ययावत करायला. एकदा तालुक्यात चांगल्या वायफायवर ते उरका, मग विमान मोडवर टाका. नाही तर जाळीसमोरच्या दृश्यात मधेच अपडेटची पाटी येते. समुपदेशकाला रुग्ण काय पाहतोय ते दिसलंच पाहिजे. हेडसेटच्या सेटिंगमधला डेव्हलपर मोड चालू करून केबलने चित्र लॅपटॉपवर आणता येतं, त्याला नेट लागत नाही. केबल ३ मीटरची घ्या. रुग्णाला फिरणाऱ्या खुर्चीवर बसवू नका. चार पायांची, हातांची खुर्ची.

निंबाची_काडी

स्वच्छतेचं कोणी लिहिलं नाही आणि खरी गडबड तिथे होते.

हेडसेट पुसायला हात आपसूक सॅनिटायझरकडे जातो. थांबा. एक तर स्पिरिटने भिंगावरचा थर खराब होतो. दुसरं म्हणजे तो वास नाकाशी नेऊन तुम्ही नकळत दारूची खूण देताय, साध्या दृश्यातही. तिसरं सगळ्यात महत्त्वाचं: ज्याला डायसल्फिराम (दारू प्यायली की त्रास होतो ती गोळी) चालू आहे त्याला सॅनिटायझरची, आफ्टरशेव्हची वाफसुद्धा बाधू शकते. तोंड लाल होणं, धडधड, उलटी. म्हणून अल्कोहोल नसलेले ओले वाइप्स, आणि भिंगाला फक्त कोरडं चष्म्याचं कापड. चेहऱ्याच्या गादीवर सिलिकॉनचं कव्हर घाला, प्रत्येक हेडसेटला २ ठेवा. एक डोक्यावर, एक साबणाने धुऊन वाळत. खरूज, डोळे आलेले, डोक्यात उवा असं काही असेल तर त्या आठवड्यात सत्र नाही. केसांना तेल चोपडून आलेल्या माणसाला आधी पुसायला लावा, ते तेल पट्ट्यात मुरतं आणि पट्टा सैल पडतो.

मळमळीचा आकडा तलफेपासून वेगळा विचारा. ही बाब लहान दिसते, पण तिच्यामुळे नोंदवहीच खोटी होते. हेडसेटमुळे पोटात ढवळलं की दारूची इच्छा तेवढ्यापुरती मरते. समुपदेशक लिहितो 'बारा आण्यांवरून दोन आणे', आणि प्रत्यक्षात माणसाला ओकारी येत असते. मळमळ सहा आण्यांच्या वर गेली की तलफ कुठेही असू दे, हेडसेट काढा. त्या सत्राचा आकडा धरायचा नाही. उपाशीपोटी नको आणि भरपेट जेवणावरही नको, हलक्या नाश्त्यानंतर तासाभराने ठीक.

वासाचं विचाराल म्हणून सांगते. मोहाचा वास ही फार जबर खूण आहे आणि परदेशातल्या प्रयोगांत वास वापरलेही आहेत. पण ती सगळ्यात शेवटची पायरी. डायसल्फिराम घेणाऱ्याला कधीच नाही. बाकींना डॉक्टरांनी होकार दिला तरच, झाकणाच्या स्टीलच्या डबीत कापसावर २-३ थेंब, नाकापासून एक वीत दूर, अर्धा मिनिट. वॉर्डाशेजारच्या खोलीत तर नकोच. वास दाराखालून जातो आणि बाजूच्या चार जणांची झोप उडते.

खडा_सवाल

थोडं थंड पाणी ओततो, राग नको.

व्हीआरमध्ये दारूची खूण दाखवली की तलफ उठते, हे वारंवार दिसलंय. पण तलफ उतरणं आणि सहा महिन्यांनी माणूस न पिणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरीचा पुरावा अजून तोकडा आहे. कॉन्क्लिन आणि टिफनी यांनी २००२ साली खुणा दाखवण्याच्या उपचारांचा आढावा घेतला तेव्हा त्यांना ठोस फायदा सापडला नाही. एक मोठं कारण असं की खोलीत सैल झालेली गाठ खोलीपुरतीच सैल होते. जागा बदलली की जुनी सवय परत उभी राहते. तुमच्या केंद्रात शहाणा झालेला माणूस एसटीतून फाट्यावर उतरला की तिथे शरीराला जुनंच आठवतं.

चांगले निकालही आहेत, लपवत नाही. २००९ मध्ये कॅनडात क्वेबेकला ९१ सिगारेट ओढणाऱ्यांवर प्रयोग झाला. एका गटाने व्हीआरमध्ये हाताने सिगारेटी चुरगळल्या, दुसऱ्याने नुसते चेंडू. आठवड्याला एक अशी ४ सत्रं. १२ व्या आठवड्याला पहिल्या गटात १५ टक्के आणि दुसऱ्यात २ टक्के लोक सिगारेटपासून दूर होते. फरक आहेच. पण १०० पैकी ८५ जण ओढतच होते, हेही त्याच आकड्यात आहे. बार्सिलोनाच्या गटाची आल्को-व्हीआर नावाची प्रणाली आहे, त्यात रेस्टॉरंट, बार, पब आणि घर अशी चार ठिकाणं घेतली आहेत. घर घेतलंय हे बघा. आपल्याकडे दृश्यांची यादी केली की सगळे दुकानच लिहितात. पुष्कळसं पिणं घरी, शेतातल्या कोठ्यावर आणि धुऱ्यावर (बांधावर) होतं.

म्हणून करायचंच असेल तर जागेच्या अडचणीवर आधी उत्तर शोधा. एकच दृश्य दहा वेळा दाखवण्यापेक्षा पाच वेगळी दृश्यं दोन-दोनदा दाखवा. खोली बदला, समुपदेशक बदला. सत्रात रुग्णाच्या खांद्यावर त्याचा रोजचा दुपट्टा असू द्या आणि गावी जाताना तोच दुपट्टा सोबत. खोलीतलं शिकलेलं बाहेर आठवायला अशी एखादी वस्तू मदत करते. शेवटच्या आठवड्यात हेडसेट बाजूला ठेवून समुपदेशकाबरोबर खऱ्या दुकानावरून पायी जाणं झालंच पाहिजे: आधी रस्त्याच्या पलीकडून, मग अलीकडून, दिवसा, खिशात पैसे न ठेवता.

मोजायचं काय? आण्यांचे आकडे लिहून फुगलेली वही नको. केंद्रातून सुटी झाल्यावर १, ३ आणि ६ महिन्यांनी 'मागच्या ३० दिवसांत किती दिवस प्यायलात' हे कॅलेंडर समोर ठेवून विचारा आणि बायकोला किंवा आईला वेगळं विचारा. दाखल करताना जागतिक आरोग्य संघटनेची १० प्रश्नांची ऑडिट (AUDIT) ही पिण्याबद्दलची चाचणी घेऊन ठेवा. २० किंवा त्याहून जास्त गुण म्हणजे बहुधा अवलंबित्व, आणि तिथे औषधांशिवाय नुसता हेडसेट म्हणजे वेळ घालवणं. माझं मत विचाराल तर दुसऱ्या हेडसेटच्या पैशांत वर्षभर पाठपुराव्याचे फोन आणि गावभेटी झाल्या असत्या. पण निधी देणाऱ्याला फोटो हवा असतो, फोनचा फोटो येत नाही.

पऱ्हाटी

खडा भाऊंचं बरोबर आहे, एक जोडतो. पहिल्या ४-५ सत्रांत माणसाने फक्त पाहायचं नि आकडा सांगायचा. नंतरच्या सत्रांत नकार द्यायचा सराव. दोन्ही एकाच सत्रात कालवू नका. नकाराच्या दृश्यात समोरचा पोरगा तीनदा आग्रह करतो आणि प्रत्येक आग्रहानंतर ८-१० सेकंद शांत राहतो, एवढी जागा चित्रीकरणात सोडा. रुग्णाने मोठ्याने उत्तर द्यायचं. लांबलचक कारणं देऊ देऊ नका. 'डॉक्टरनं मना केलं, गोळ्या चालू आहेत' म्हटलं की समोरचा म्हणतो 'एकानं काही होत नाही'. कारण दिलं की त्यावर वाद घालता येतो. 'नाही बे, सोडली म्या' आणि उठून उभं राहणं. उभं राहणं खरंच करायला लावा, शरीरालाही सराव लागतो. उभं राहताना खांदा धरायला बाजूला कोणीतरी हवं.

नदीपल्याड

वर्धा जिल्ह्याच्या बाजूने लिहितो. इकडे १९७४ पासून दारूबंदी, गडचिरोलीत १९९३ पासून. चंद्रपुरात २०१५ ला आली आणि २०२१ ला उठली. ह्या जिल्ह्यांतल्या रुग्णाला दुकानाची जाळी दाखवून उपयोग कमी. त्याच्या खुणा वेगळ्या आहेत: विकणाऱ्याचा फोन वाजणं, थैली लावलेली मोटारसायकल, कोणाच्या तरी घरामागचा अंधार, पूल ओलांडून पलीकडे जाणं. पांदणरस्ता, तुमच्याकडे यवतमाळ जिल्हा असला तरी नदीकाठचे इकडचे रुग्ण येत असणारच. त्यांच्यासाठी पुलाचं दृश्य वेगळं करा. आणि बंदीच्या हद्दीत चित्रीकरण असेल तर रिकाम्या, धुतलेल्या बाटल्यासुद्धा नेऊ नका, बाटलीचं काम तुमच्या बाजूलाच उरका. पोलिसांना थेरपी समजावत बसावं लागेल.

चंद्रपूरच्या रुग्णांची गंमत अशी की काहींच्या डोक्यात दोन्ही प्रकारच्या खुणा आहेत, दुकानाच्याही आणि चोरट्याही. आधी विचारून घ्या: शेवटची दहा वेळा कुठे, कोणासोबत, किती वाजता प्यायलात. दृश्यांची यादी त्यातूनच निघते.

पांदणरस्ता

खर्ऱ्यासाठी वेगळं करायचं का? आणि सुरुवात कोणत्या दृश्याने, ट्रॅक्टरवाल्या माणसाचा एक नमुना सांगा कोणीतरी.

निंबाची_काडी

खर्ऱ्याचं वेगळंच. दारूच्या प्रत्येक दृश्यात पानठेला आपोआप येतो, तो मुद्दाम टाळा, नाही तर कोणती तलफ उठली ते कळत नाही. खर्ऱ्याची मुख्य खूण आवाजाची: पन्नीत सुपारी, तंबाखू, चुना घोटण्याची खरखर. नुसता तो आवाज ऐकवला तरी तोंडाला पाणी सुटतं. सुरुवातीला हेडसेटसुद्धा लागत नाही, इअरफोन पुरतो.

निकोटिनचा गम देत असाल तर सत्राच्या आधी तासभर देऊ नका, तलफ आधीच दबलेली असते आणि आकडा खोटा येतो. गम पानासारखा चावत राहायचा नसतो: चव झोंबायला लागली की गालात ठेवायचा, चव गेली की पुन्हा चावायचा. खर्रेवाले सवयीने पिंक टाकतात, त्यासोबत औषधही जातं. आणि तोंडात दोन बोटंही जात नसतील तर सुपारीने तोंड आखडलंय. त्याला गम देऊ नका, त्वचेवर लावायच्या निकोटिनच्या पट्टीचं डॉक्टरांना विचारा आणि आधी दंतवैद्याकडे पाठवा.

पऱ्हाटी

ट्रॅक्टरवाल्याचा नमुना. सोपं ते अवघड असं लावतो, आणे अंदाजे. ते त्याच्याकडूनच लावून घ्यायचे, तुमच्या मनाने नाही.

संध्याकाळी ट्रॅक्टर शेतातून परत येतो, इंजिन बंद होतं, एवढंच: तीन आणे. हातपाय धुऊन ओट्यावर बसलाय, घरात कटकट चालू आहे: चार-पाच. धुऱ्यावर दोन ओळखीचे बसलेत, पन्नीत फल्ली, बाटली दिसत नाही: सात. बाजार समितीबाहेर चुकाऱ्याच्या नोटा मोजल्या जातायत: दहा. नोटा जाळीतून आत जातात, पव्वा बाहेर येतो: बारा. सील तुटतं, ग्लास त्याच्यासमोर सरकवला जातो: चौदा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सगळे मित्र, वाजंत्री, आणि 'आज तरी घे': सोळा.

नोटांचं दृश्य दुकानाच्या आधी येतं, हे पुष्कळ समुपदेशकांच्या ध्यानात येत नाही. काहींच्या बाबतीत ते दुकानापेक्षाही वर जातं. तसं असेल तर सुटीच्या आधी घरच्यांशी बोलून चुकारा थेट बायकोच्या किंवा जोडखात्यात जमा होईल असं बघा. हेडसेट काढून झाला की करायचं काम आहे ते, आणि कापूस विकायच्या महिनाभर आधी झालं पाहिजे.

पोळ्याचं दृश्य चित्रित करायचं असेल तर ऑगस्टच्या आत गोदाम ठरवा. नाटकमंडळाची पोरं पोळ्याला सापडत नाहीत. आणि ज्याची सुटी पोळ्याच्या आठवड्यात येते त्याची सुटी १० दिवस पुढे ढकलता येते का ते त्याच्याशीच बोला, जबरदस्तीने नाही. सुटीच्या कागदावर १४४४६ हा व्यसनमुक्तीचा राष्ट्रीय मदत क्रमांक आणि १४४१६ हा टेली मानसचा (मानसिक आरोग्याची सरकारी फोनसेवा), दोन्ही ठळक छापा. चिठ्ठी हरवते, म्हणून फोनमध्येही सेव्ह करून द्या. 'दवाखाना' म्हणून नको, त्याला पटकन सापडेल अशा नावाने.